शेक, लोखंडाचे कण आणि सोमवारची तारीख

‘आईचं सोमवारचं रेडिएशन पुढे ढकलू का?’ या तुमच्या शेवटच्या ओळीचं उत्तर आधी देते, कारण त्याला तारीख आहे. सोमवारचं रेडिएशन पुढे ढकलू नका. बाकीचं सगळं त्यानंतर वाचलंत तरी चालेल.

तुम्ही बरंच सविस्तर लिहिलंय. इतरांसाठी थोडक्यात सांगते. आई ५८ वर्षांच्या, गर्भाशयमुखाचा कॅन्सर, तिसरी स्टेज, गाठ साधारण ४ सेंटीमीटर. डॉक्टरांनी बाहेरून २५ शेक, म्हणजे रेडिएशन, दर आठवड्याला सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाचं सलाइन आणि शेवटी आतून शेक असं सांगितलंय. सोमवारी सुरुवात. तेवढ्यात मेव्हण्यांच्या मोबाईलवर बातमी आली की चुंबकीय नॅनोकण शिरेतून देतात, ते नेमके गाठीवर जाऊन बसतात, बाहेरून कॉइलचं क्षेत्र दिलं की गाठ आतून भाजून निघते आणि साइड इफेक्ट शून्य. पाठोपाठ एकाचा फोनही आला की दोन महिन्यांत मशीन येतंय, आत्ता पैसे भरून नंबर लावा. आणि तुम्ही स्वतः चिंचोळी एमआयडीसीत इंडक्शन हार्डनिंगच्या, म्हणजे कॉइलने पोलाद तापवून कडक करायच्या, मशीनवर आहात. त्यामुळे तुम्हाला ही गोष्ट इतरांपेक्षा जास्त पटली. कॉइल, किलोहर्ट्झ, लालभडक झालेला शाफ्ट हे तुम्ही रोज बघता. मग लोखंडाचे कण का तापणार नाहीत?

तापतात. मी स्वतः तापवलेत. पण तुमचा खरा प्रश्न तो नाहीच. खरा प्रश्न असा आहे की आईच्या गाठीत किती कण पोचतील, आणि तिथली उष्णता तिथेच टिकेल का.

मी कोण ते सांगते. सोलापुरातच रेडिएशन विभागात मेडिकल फिजिसिस्ट म्हणून १९ वर्षं काम करते. डॉक्टर नाही. डोस मोजणं, प्लॅन तपासणं, मशीन बरोबर चालतंय ना ते बघणं हे माझं काम. त्याआधी पीएचडी केली ती याच फेराइटच्या, म्हणजे चुंबकीय लोह-ऑक्साइडच्या, बारीक कणांवर. आईची फाइल मी पाहिलेली नाही. किडनीची तब्येत, हिमोग्लोबिन, लसिकाग्रंथी यावर औषध बदलू शकतं, आणि ते तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. मी फक्त भौतिकशास्त्राच्या बाजूने बोलते.

सोमवारबद्दल एवढी ठाम का, तर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये पूर्ण उपचार, म्हणजे बाहेरचे आणि आतले शेक धरून, आठ आठवड्यांच्या आत संपवायचे असा जगभरचा दंडक आहे. मधे खंड पडला की राहिलेल्या पेशी वाढायला लागतात आणि गाठ आटोक्यात येण्याची शक्यता घटते. म्हणजे ज्या दोन महिन्यांत तो फोनवाला तुम्हाला थांबायला सांगतोय, तेवढ्यात आईचा अख्खा उपचार संपतो. तिसऱ्या स्टेजची गाठ मूत्रनलिकेवर दाब आणू शकते. तसं होऊन किडनी बिघडली तर सिस्प्लॅटिनही देता येत नाही. आणि जो उपचार आईंना सांगितलाय तो काही कमअस्सल नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयात तिसऱ्या स्टेजच्याच ८५० बायकांवर चाचणी झाली. २०१८ मध्ये निकाल छापून आला. शेकाबरोबर दर आठवड्याला सिस्प्लॅटिन दिलेल्यांपैकी पाच वर्षांनी ५४ टक्के हयात होत्या, नुसता शेक घेतलेल्यांपैकी ४६ टक्के. आपल्याच बायका, आपल्याच परिस्थितीतल्या. महात्मा फुले योजनेत शेक आणि केमो दोन्ही बसतात, कागदपत्रांचं बघून घ्या.

आता ‘शेक’ या शब्दाकडे येते, कारण निम्मा घोळ तिथे आहे. आपल्याकडे रेडिएशनला सगळे शेकच म्हणतात. माझ्याकडे येणाऱ्या आज्या विचारतात, ‘बाई, आज किती गरम लावणार?’ पण रेडिएशनमध्ये तापत काहीच नाही. एका दिवसाच्या २ ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनचं माप) डोसने शरीराचा तो भाग जेमतेम अर्ध्या सहस्रांश अंशाने तापतो. घोटभर चहाने त्यापेक्षा जास्त तापतो. रेडिएशन पेशीच्या डीएनएचे धागे तोडतं. बातमीतला नॅनोचा शेक हा मात्र खरा शेक आहे. त्यात गाठ खरोखर ४३ अंशांच्या आसपास न्यायची असते. म्हणजे ‘जुन्या शेकाऐवजी नवीन शेक’ असा सरळ बदल इथे नाहीच. ही दोन वेगळी हत्यारं आहेत, आणि जिथे उष्णतेचा उपयोग सिद्ध झालाय तिथे ती रेडिएशनच्या जोडीला दिलेली आहे, त्याच्या जागी नाही.

जोडीला का, तेही बघा. गाठीच्या मध्यभागी रक्त कमी पोचतं, प्राणवायू कमी असतो, आम्लता वाढलेली असते. अशा पेशी रेडिएशनला दाद देत नाहीत, पण उष्णतेपुढे त्याच आधी वाकतात. शिवाय उष्णतेने पेशीची डीएनए दुरुस्त करण्याची यंत्रणा काही तास लुळी पडते. म्हणजे रेडिएशनने केलेली मोडतोड टिकते. वेळेचा हिशोबही ठरलेला आहे. ४३ अंशांना जेवढा परिणाम एका तासात होतो, तेवढाच ४४ ला अर्ध्या तासात. उलट ४२ ला खाली आलात की चार तास लागतात. एका अंशाला एवढी किंमत आहे. (मे महिन्यात सोलापूरचा पारा ४३ ला असतो, मग आपल्याला कॅन्सर कसा होतो, असं मला एकदा एका पेशंटच्या दिराने विचारलं होतं. बाहेर ४३ असलं तरी घाम आणि रक्त मिळून आपल्याला ३७ वरच धरून ठेवतात. आणि पुढची सगळी अडचण तिथूनच सुरू होते.)

उष्णतेचा सगळ्यात भक्कम पुरावा नेमका आईंच्या आजारात आहे. नेदरलँड्समध्ये नव्वदच्या दशकात ओटीपोटातल्या गाठींच्या ३५८ रुग्णांवर चाचणी झाली, २००० साली ती छापली गेली. गर्भाशयमुखाच्या रुग्णांत नुसत्या रेडिएशनने तीन वर्षांनी २७ टक्के हयात होत्या, रेडिएशन अधिक उष्णता घेतलेल्यांत ५१ टक्के. आकडा मोठा आहे. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, त्यात नॅनोकण नव्हतेच. पोटाभोवती रेडिओलहरींचे अँटेना लावून तो भाग तापवला होता. दोन, त्या बायकांना सिस्प्लॅटिन मिळालेलं नव्हतं. पुढे जपानमध्ये सिस्प्लॅटिन आणि रेडिएशनच्या जोडीला उष्णता देऊन १०१ जणींवर पाहिलं, तेव्हा जगण्यातला फरक दिसला पण आकडेशास्त्राच्या कसोटीवर तो पक्का ठरला नाही. अँटेनावाली यंत्रं देशात मोजक्याच ठिकाणी आहेत. आईंच्या बाबतीत त्याचा उपयोग आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. तो शहाण्यासारखा प्रश्न आहे. फक्त त्यासाठी तारीख हलवू नका.

आता कणांकडे. ही कल्पना काल-परवाची नाही. १९५७ मध्ये अमेरिकेत गिलख्रिस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयर्न ऑक्साइडचे बारीक कण लसिकाग्रंथींत सोडून १.२ मेगाहर्ट्झच्या क्षेत्रात त्या तापवून दाखवल्या होत्या. म्हणजे ७० वर्षं होत आली. कण बनवणंही फार अवघड नाही. फेरिक आणि फेरस क्लोराइड दोनास एक प्रमाणात पाण्यात विरघळवायचं, नायट्रोजन सोडत ८० अंशांना ढवळत ठेवायचं आणि अमोनिया घालायचा. पिवळट तपकिरी पाणी बघता बघता डांबरासारखं काळं होतं. खालून चुंबक लावलं की सगळी काळी साय भांड्याच्या एका बाजूला सरकते. नायट्रोजन मधेच संपला तर रंग विटकरी होतो आणि दिवस वाया जातो. लोडशेडिंगच्या काळात माझे असे कितीतरी दिवस गेलेत.

पहिल्यांदा कण तापवले तेव्हाचा किस्सा सांगते, कारण तुम्हाला तो लगेच कळेल. प्रयोगशाळेत एक जुना इंडक्शन हीटर होता. छोट्या बाटलीत कणांचं पाणी घेतलं, कॉइलमध्ये ठेवलं, दहा मिनिटांत १४ अंश चढले. आम्ही पेढे आणायच्या बेतात. गाइड म्हणाले, आधी साधं पाणी ठेवून बघ. ठेवलं. साधं पाणीही ६ अंश चढलं! कॉइलला थंड पाण्याची धार अपुरी पडत होती, तांब्याची नळीच तापून बाटलीला ऊब देत होती. वर आमचा तापमान मोजायचा थर्मोकपल धातूचा, तो स्वतःच क्षेत्रात तापत होता. म्हणजे निम्मं तापमान आमच्याच हत्यारांचं. पुढे ऑप्टिकल फायबरचा प्रोब मिळेपर्यंत वर्षभर एकही आकडा वहीत पक्का लिहिला नाही. ‘आम्ही इतके अंश तापवून दाखवलं’ असं कुणी सांगितलं की माझा पहिला प्रश्न अजून तोच असतो. साधं पाणी ठेवून बघितलंत का?

तुमच्या मशीनमध्ये आणि माणसात मुख्य फरक असा. शाफ्ट तापतो तो त्यात गोल फिरणाऱ्या विजेच्या भोवरी प्रवाहांमुळे. माणसाचं शरीरही थोडीफार वीज वाहून नेतं. म्हणजे कॉइलमध्ये झोपवलं की कण असोत नसोत, शरीरातही भोवरी प्रवाह फिरतात. आणि हे तापणं मधे कमी, कडेला जास्त असतं. घेर जितका मोठा तितकं जास्त, तेही वर्गाच्या पटीत. म्हणून बोटाला जे क्षेत्र सहज चालतं ते कमरेला चालत नाही. आईंची गाठ आत खोल, आणि चटका आधी बसणार तो नितंबांना आणि कातडीच्या घड्यांना. १९८०च्या दशकात स्वयंसेवकांच्या छातीभोवती कॉइल ठेवून हे पाहिलं गेलं. तासभर सहन होईल अशी मर्यादा निघाली. क्षेत्राची तीव्रता गुणिले वारंवारता सुमारे ४८.५ कोटी, म्हणजे १०० किलोहर्ट्झला मीटरमागे ४,८५० अँपिअर. या विषयावर बोलणाऱ्या प्रत्येकाला हा आकडा माहीत असतो. बातम्यांत तो कधी येत नाही.

इथे जरा कागद-पेन्सिल घ्या. प्रयोगशाळेतले शोधनिबंध बहुतेक ३०० किलोहर्ट्झ, मीटरमागे २०,००० अँपिअर अशा क्षेत्रात मोजतात. गुणाकार ६०० कोटी. माणसाच्या मर्यादेच्या बारा पट. कणांची उष्णता वारंवारतेच्या पटीत आणि तीव्रतेच्या वर्गाच्या पटीत बदलते. म्हणजे माणसाला चालेल अशा क्षेत्रात आलात की ती ढोबळ मानाने ५० पट घटते. जी भुकटी निबंधात ग्रॅममागे १०० वॉट देते, ती पलंगावर २ वॉट देईल. आपण दहापट उदार होऊ आणि २० वॉट देणारी अव्वल भुकटी मिळाली असं धरू.

आईंची गाठ ४ सेंटीमीटर, म्हणजे सुमारे ३३ घन सेंटीमीटर. रक्त सतत उष्णता वाहून नेतंय, जसं तुमच्या कॉइलच्या नळीतून पाणी वाहतं तसं. त्याला पुरून उरून ४३ ला धरायचं तर घन सेंटीमीटरला दहावा भाग वॉट तरी लागतो. एकूण साडेतीन वॉट धरा. मोबाईलच्या साध्या चार्जरपेक्षा कमी. वाटतं किती सोपं! साडेतीन वॉटला २० वॉटवाली भुकटी लागेल १७५ मिलिग्रॅम. एक चिमूट. आता ही चिमूट गाठीत पोचवायची कशी?

शिरेतून दिलेले नॅनोकण गाठीत किती पोचतात, यावर २०१६ मध्ये टोरांटोच्या एका गटाने आधीच्या दहा वर्षांचे प्रयोग गोळा करून हिशोब मांडला. मध्यक, म्हणजे मधला आकडा, निघाला ०.७ टक्के. हजारातले सात. तेही उंदरांत, जिथे गाठ अंगाच्या मानाने केवढी मोठी असते. माणसात याहून बरं असेल असं धरायला काही कारण नाही. म्हणजे गाठीत १७५ मिलिग्रॅम हवे असतील तर शिरेतून द्यायला हवेत २५ ग्रॅम कण. त्यात लोह सुमारे १८ ग्रॅम. अख्ख्या माणसाच्या अंगात मिळून लोह असतं ३ ते ४ ग्रॅम. आणि उरलेले ९९ टक्के कण जाणार कुठे? यकृतात आणि प्लीहेत. तिथल्या भक्षक पेशींचं कामच रक्तातला असला गाळ उचलणं. मग कॉइल चालू केली की गाठीआधी काय तापेल, तुम्हीच सांगा.

‘पण ते कण टार्गेटेड आहेत ना?’ हो. हा शब्द मी माझ्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर मोठ्या हौसेने लिहिला होता. कणावर फॉलिक ॲसिड किंवा अँटिबॉडी चिकटवायची, कॅन्सरच्या पेशीवर तिला पकडणारे हात जास्त असतात, म्हणून कण तिथे अडकेल. काचेच्या ताटलीत हे झकास चालतं. पण अँटिबॉडी म्हणजे कुलपाची किल्ली, गाडीचा ड्रायव्हर नव्हे. दारापर्यंत आणून सोडणारं रक्तच, आणि रक्त अंगभर फिरतं. त्यात कण रक्तात पडला की काही मिनिटांत त्यावर प्रथिनांचा लेप बसतो, किल्लीचे दाते त्यात बुजतात. २०२० मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने उंदरांत दाखवलं की अँटिबॉडी लावलेले कण गाठीत राहिले खरे, पण ते कॅन्सरच्या पेशींनी धरून ठेवल्यामुळे कमी आणि गाठीतल्या रोगप्रतिकारक पेशींनी गिळल्यामुळे जास्त. तेव्हा ‘टार्गेटेड’ हा हेतू आहे, पोचपावती नाही. बाहेरून तगडं चुंबक लावून ओढून आणू म्हणाल, तर चुंबकाची ओढ अंतराबरोबर किती भराभर मरते ते तुम्हाला सांगायला नको. ओटीपोटात दहा-बारा सेंटीमीटर आत ती नावापुरतीच उरते.

एक कण पेशीत शिरला आणि त्याने ती एकच पेशी भाजली, असंही बातमीत चित्र असतं. तसं होत नाही. तुम्ही हुरड्याला गेला असालच. आगटीतला एक निखारा उचलून कणसाला लावला तर कणीस भाजेल का? निखारा विझेल. सगळी आगटी फुललेली हवी, गोवऱ्यांची राख चहूबाजूंनी तापलेली हवी, तेव्हा कुठे दाणा सुटतो. नॅनोकणाचं तसंच. तो इतका छोटा की त्याची उष्णता क्षणात आजूबाजूला पसरून नाहीशी होते. हे २००२ मध्ये गणिताने मांडून झालंय. लाखो-करोडो कण एका जागी, मिलिमीटरभर तरी जाड ढीग, तरच त्या जागेचं तापमान चढतं. म्हणजे इथे नेमकेपणापेक्षा ढीग महत्त्वाचा, आणि शिरेतून ढीग होत नाही.

मग बातमीत जर्मनीचं नाव आहे, तिथे केलं ते काय होतं? तिथे त्यांनी शिरेचा नादच सोडला. बर्लिनच्या गटाने कणांचं दाट द्रव, मिलिलिटरला ११२ मिलिग्रॅम लोह, थेट सुईने मेंदूच्या गाठीत सोडलं. आपल्या हिशोबातली चिमूट अशा द्रवात एक-सव्वा मिलिलिटरमध्ये मावते, म्हणून ते जमू शकलं. डोक्याचा घेरही कमरेपेक्षा लहान, त्यामुळे क्षेत्र जास्त देता आलं. २०१० मध्ये युरोपात मेंदूच्या गाठींसाठी त्याला मान्यता मिळाली. २०११ मध्ये ५९ रुग्णांचा निकाल छापला. ग्लिओब्लास्टोमा ही मेंदूची जहाल गाठ परत उलटल्यानंतर मध्यक आयुष्य १३.४ महिने. जुन्या नोंदींच्या मानाने बरं. पण समोर तुलनेचा गट नव्हता, आणि या रुग्णांनाही सोबत रेडिएशन दिलेलंच होतं. पुन्हा तेच, जोडीला. हे तंत्र विकणारी कंपनी २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेली.

‘साइड इफेक्ट शून्य’ म्हणाल तर त्या रुग्णांना डोकेदुखी झाली, झटके आले. उपचाराआधी डोक्याजवळचं धातूचं सगळं, दातातलं धातूचं फिलिंग आणि कॅपसुद्धा, काढावं लागायचं, नाहीतर तेच तापणार. आणि गाठीत लोखंड बसलं की त्या भागाचा एमआरआय कायमचा बाद, नुसता काळा डाग दिसतो. आईंच्या आजारात आतला शेक नेमका द्यायला आणि नंतर गाठ गेली का ते बघायला एमआरआयचाच मोठा आधार असतो. तो आधार घालवून काय मिळवायचं?

थेट सुईने आईंच्याही गाठीत सोडता येतील की, असं तुमच्या मनात आलंच असेल. तांत्रिकदृष्ट्या सुई पोचेल. पण तिसरी स्टेज म्हणजे आजार गाठीपुरता उरलेला नाही. तो योनीच्या खालच्या भागाकडे, ओटीपोटाच्या बाजूच्या भिंतीकडे किंवा ग्रंथींकडे सरकलेला असतो. सुईने सोडलेले कण जिथे साचतात तिथे ५० अंश, बोटभर बाजूला ३८. जिथे आजाराची कड आहे नेमकं तिथे काही होणार नाही. बाहेरचा शेक हा सगळा पट्टा एकसारखा व्यापतो. म्हणूनच तो २५ दिवस, थोडा थोडा.

एवढं सगळं लिहून मी या विषयाला मोडीत काढते आहे असं समजू नका. माझी दहा वर्षं त्यात गेलीत. कोल्हापूर, मुंबई इथल्या मंडळींनी लॅन्थेनम-स्ट्रॉन्शियमच्या मॅंगनाइट या दुसऱ्या चुंबकीय पदार्थावर चांगलं काम केलंय. त्या कणांचं चुंबकत्व हव्या त्या तापमानाला आपोआप गळून पडेल असं ठरवता येतं. मॅग्नेटाइटचं, म्हणजे वर सांगितलेल्या काळ्या कणांचं, चुंबकत्व ५८५ अंशांपर्यंत जात नाही, म्हणून त्याला लगाम बाहेरून घालावा लागतो. या दुसऱ्या कणांना लगाम आतूनच असतो. जिथे ढीग जास्त झालाय तिथेही ४५ च्या वर जायचं नाही. ही मला सगळ्यात आशेची वाट वाटते. आणि लोह स्वतः विष नाही. हिमोग्लोबिन कमी म्हणून आईंना चहाच्या रंगाचं लोहाचं सलाइन लावलं असेल, तर तेही साखरेच्या वेष्टनातले नॅनोकणच. ते चुंबकात तापत नाहीत एवढंच. म्हणजे नॅनो म्हटलं की घाबरायचं कारण नाही, आणि भुलायचंही नाही.

आता तो फोन. नवीन उपचाराची खरी चाचणी असेल तर ती सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असते, आणि नोंदवही कुणालाही फुकट उघडून बघता येते. त्या माणसाला नोंदणी क्रमांक विचारा. रुग्णालयाच्या नैतिकता समितीचं मंजुरीपत्र मागा. मराठीतलं संमतीपत्र मागा, ज्यात काही इजा झाली तर भरपाई कोण देणार ते लिहिलेलं असतं. चाचणीतल्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. म्हणजे ‘पैसे भरून नंबर लावा’ हे वाक्य ऐकलं तिथेच तुमचं उत्तर मिळालंय. एवढं विचारूनही खात्री पटत नसेल तर त्याला २५ ग्रॅमचा हिशोब विचारा. ऐकायला मजा येईल.

मेव्हण्यांवर चिडू नका. काळजीपोटीच पाठवलंय त्यांनी. उलट त्यांना एक काम द्या. तुमच्या घरातल्या तीस ते साठ वयाच्या बायकांची, बहिणी, वहिनी, सगळ्यांची, एकदा एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची, तपासणी करून आणायची. ही तपासणी आपल्या शेजारच्या धाराशिव (तेव्हाच्या उस्मानाबाद) जिल्ह्यात सव्वा लाखाहून जास्त बायकांच्या चाचणीत पारखून झालीय, बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या आणि टाटाच्या लोकांनी खेडोपाडी फिरून. २००९ मध्ये निकाल आला की एकाच तपासणीने पुढचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. जगातल्या डॉक्टरांनी त्यावरून धोरणं बदलली, आणि आपण बार्शीपासून तास-दीड तासावर राहून मोबाईलवर जर्मनीच्या बातम्या वाचतो.

सोमवारी जाताना जुने सगळे रिपोर्ट, बायोप्सीच्या काचा आणि योजनेचे कागद एकाच पिशवीत न्या. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आणि हिमोग्लोबिन ताजं आहे ना बघा. मांडीत किंवा खुब्यात रॉड असेल तर टेक्निशियनला आधीच सांगा. लघवीला जाऊन यायचं, मग सांगतील तेवढं पाणी प्यायचं आणि सांगतील तेवढा वेळ थांबायचं, रोज तसंच. लघवीची पिशवी रोज सारखी भरलेली असली की आतडी वर सरकतात आणि शेक ठरल्या जागी पडतो. पहिल्या दिवशी बायका संकोचाने पाणी कमी पितात, आणि मग आम्हाला त्यांना परत बाहेर बसवावं लागतं. आईंना घरूनच सांगून ठेवा.